स्वतःच्या घराची बांधकाम परवानगी : तुमचे दिवस कुठे गेले?

दवबिंदू
परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना आमच्या घराच्या मंजूर नकाशाची सुरळी हाती लागली. कागद घड्यांवर विरत चालला आहे, पण जिन्यापाशी लाल पेन्सिलीने काढलेला गोल आणि त्याशेजारचे ‘१५ सेंमी’ अजून स्पष्ट वाचता येते. जिन्याची पहिली पायरी बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या साइड मार्जिनमध्ये, तेवढी पुढे येत होती आणि त्यापायी नकाशा नव्याने काढून फेरसादर करण्यात आमचे दोन महिने गेले होते.

भूखंड २०० चौरस मीटरचा होता. वास्तुविशारदांच्या पहिल्या भेटीपासून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत चौदा महिने लागले आणि आजवर मी सर्वांना ‘कार्यालयाने चौदा महिने लावले’ असेच सांगत आले. सुरळीबरोबरच्या पावत्या काल तारीखवार लावल्या, तेव्हा मात्र हिशेब वेगळाच निघाला. मोजणीची तारीख मिळून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, येईपर्यंत पाच महिने गेले होते, आजेसासऱ्यांच्या जागी वारसनोंद होऊन फेरफार मंजूर होण्यात तीन, आणि ओटा पूर्वेला असावा की आग्नेयेला, या आमच्याच घरातील वादात एक. प्रत्यक्ष अर्ज कार्यालयात होता तो पाचच महिने, आणि त्यांतलेही दोन जिन्याचे. आपापला अनुभव लिहावा, मात्र दिवस कोणत्या कागदापासून मोजले, तेही सांगावे.

सुपारी
आमची परवानगी सतराव्या दिवशी आली, असे सांगितले की ऐकणारा आधी संशयानेच पाहतो. डिसेंबर २०२० पासून, मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता, राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांची मुदत आहे, आणि आमचा भूखंड त्यात बसत होता. वरचे सात दिवस आमच्याच चुकीमुळे गेले, कारण विकास शुल्काचे चलन ज्या ईमेलवर आले होते, तो घरात कोणीच उघडत नव्हते. अर्थात रेखांकन मंजूर होते, बिनशेती आदेश होता, मोजणी झालेली होती. ही सर्व कामे सासऱ्यांनी फार पूर्वी उरकून ठेवली होती. तुमच्या पद्धतीने मोजायचे झाल्यास आमच्या सतरा दिवसांत त्यांची काही वर्षे मिळवावी लागतील.

काठावरचा
परवानगी एकवीस दिवसांत मिळाली, आत्याची संमती तीन वर्षांनी.

विस्ताराने लिहितो. सातबारावर वडिलांबरोबर आत्याचेही नाव होते आणि तिच्या सहीशिवाय अर्जच घेतला जाईना. तिने कधी नकार दिला नाही. आम्ही विषय काढला की ती चहा टाकायला उठत असे. शेवटी वास्तुविशारद बाई स्वतः तिच्याकडे गेल्या. त्यांनी नकाशा पाटावर पसरला आणि तळमजल्यावरची मागील खोली बोटाने दाखवत विचारले, ‘तुम्ही आलात की इथे राहाल ना?’ आत्याने खिडकी कोणत्या बाजूला आहे, एवढेच विचारले. पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्र नोंदवले गेले. मंजूर नकाशात त्या जागी नुसते ‘शयनकक्ष’ असे लिहिलेले आहे, पण घरात त्या खोलीला आत्याची खोलीच म्हणतात.

मोरपंख
@काठावरचा, खिडकी कोणत्या बाजूला निघाली, तेही लिहा, नाहीतर आम्हांला चैन पडणार नाही.

काठावरचा
पश्चिमेला निघाली. उन्हाळ्यात खोली तापते, अशी तिची तक्रार आता सुरू झाली आहे.

अवकाळी
आमचे घर गावात आहे. ग्रामीण भागात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचनाकारांची परवानगी लागणार नाही, मालकीहक्काची कागदपत्रे, नकाशे आणि परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत सादर करावे, असा निर्णय शासनाने २०२१ मध्ये घेतला. त्याप्रमाणे मी सकाळी फाइल दिली आणि दुपारच्या एसटीने पोच घेऊन परतलो. अर्ध्या दिवसात काम झाले, म्हणून वाटेत पेढेही घेतले.

ते पेढे लवकर झाले. गृहकर्जासाठी गेलो, तर अधिकाऱ्यांनी पोच उलटसुलट करून पाहिली आणि ‘ही परवानगी नव्हे, ही पोच आहे’ असे सांगितले. शासन निर्णयाची प्रत दाखवली, ती त्यांनी शांतपणे वाचली आणि ‘बरोबर आहे, पण आमच्या यादीत शिक्क्याचा मंजूर नकाशा आहे’ म्हणाले. ज्या कागदाची कायद्याला गरज नव्हती, तो मिळवण्यासाठी पुढचे चार महिने मी चकरा मारल्या. ज्याच्याकडे जावे तो ‘तुम्हांला परवानगी लागतच नाही’ म्हणून परत पाठवत असे, आणि ते खरेही होते.

जुनाजाणता
मी बांधकाम परवानग्या देणाऱ्या खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. लोकांना एवढेच वाक्य पाठ असते. पुढचे वाक्य असे आहे की, खुलासा मागवला गेला असेल तर हे साठ दिवस अर्जदाराचे उत्तर पोहोचल्याच्या तारखेपासून धरायचे. शिवाय मानीव परवानगी असली तरी बांधकाम नियमांत बसणारेच असावे लागते. त्यामुळे एकोणसाठाव्या दिवशी निघालेले त्रुटीपत्र पाहून अर्जदाराला राग येतो, तो मला समजतो. एकाच वेळी सर्व त्रुटी न कळवता एकेक करून कळवणे ही वाईट सवय आहे आणि ती आमच्यात होती, हे मी मान्य करतो. पण ज्या नकाशावर उत्तर दिशाच दाखवलेली नाही किंवा ज्यातील भूखंडाचे क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही, असे नकाशेही माझ्या टेबलावर नित्य येत असत.

दवबिंदू
@जुनाजाणता, आमच्या जिन्याला लाल गोल करणारे आपणच नव्हतात ना?

जुनाजाणता
मी हिरवी पेन्सिल वापरत असे.

शेवंता
गुंठेवारीतल्यांचा, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यांनी पाडलेले भूखंड घेतलेल्यांचा, हिशेब येथे कोणी लिहिलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. आमचे घर आधी उभे राहिले आणि परवानगीचा प्रश्न नंतर आला. २००१ च्या कायद्याने त्या वर्षीच्या १ जानेवारीपर्यंतचे गुंठेवारी भूखंड नियमित होऊ शकत होते. आमचे साठेखत २००३ मधले. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली, तेव्हा कुठे अर्ज करता आला. मधली अठरा वर्षे आम्ही त्याच घरात राहिलो, मुलांची लग्ने तिथूनच केली, पण वरचा मजला चढवण्याचा विषय निघाला की आमचे यजमान ‘कागद येऊ दे’ म्हणत आणि पेपर पुढे ओढत. गच्चीवर स्तंभांच्या सळया तशाच ठेवल्या होत्या आणि गंजू नयेत म्हणून ते दर पावसाळ्याआधी त्यांना सिमेंटचे पाणी लावत. नियमितीकरणाचा दाखला आला, तेव्हा अभियंत्यांनी सळया तपासून सहा बाद ठरवल्या, बाकीच्या चालल्या.

मोरपंख
शेवंताताई, ते सिमेंटचे पाणी वाचून थांबलेच. वरचा मजला झाला का?

शेवंता
झाला. तिथे आता धाकटा राहतो.

कंदील
सर्वांचे वाचून धीर आला होता, तो आज दुपारी गेला. अर्जाचा आज त्रेपन्नावा दिवस असून आत्ताच त्रुटीपत्र आले आहे. आमच्या नकाशात समोरचा रस्ता ६ मीटर दाखवला आहे, विकास आराखड्यात तो ९ मीटर आहे. जागेवर रस्ता सहाच मीटर आहे. मी स्वतः टेप लावून मोजला आहे. आता काय करावे?

जुनाजाणता
टेप येथे उपयोगाचा नाही, आराखड्यातील रुंदीच धरली जाते. रुंदीकरण दोन्ही बाजूंना सारखे असेल, तर मध्यरेषेपासून साडेचार मीटर धरा; म्हणजे तुमच्या भूखंडातून दीड मीटर पट्टी रस्त्यात दाखवावी लागेल आणि पुढचे सामासिक अंतर त्या नव्या रेषेपासून मोजावे लागेल. रस्त्यात दिलेल्या क्षेत्राचा चटई निर्देशांक (एफएसआय), म्हणजे त्या क्षेत्रापोटी बांधकाम करण्याची मुभा, मिळतो का, हे वास्तुविशारदांकडून आधी तपासून घ्या, नाहीतर घर विनाकारण लहान कराल. उत्तर देताना हा एकच मुद्दा दुरुस्त करून थांबू नका. दुसरी त्रुटी राहिली असल्यास तीही याच फेरीत काढून टाका.

कंदील
म्हणजे साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे?

जुनाजाणता
होय, तुमचे उत्तर पोहोचेल त्या तारखेपासून. ऑनलाइन दिले तरी पोच छापून ठेवा आणि तीवर तारीख उमटली आहे ना, ते तिथल्या तिथे पाहा.