विमानमार्गांच्या नेटवर्कमधले वेगळे नोड कसे पकडायचे?

प्रश्न:
एमएस्सीच्या प्रोजेक्टला ओपनफ्लाइट्स या मोफत डेटासाइटचा रूट डेटा घेतलाय, ६७ हजारांवर ओळी आहेत, विमानतळ म्हणजे नोड आणि रूट म्हणजे एज. सरांनी यातले विचित्र नोड शोधायला सांगितलेत. मी डिग्री, म्हणजे प्रत्येक नोडला किती एज जोडल्यात ते, काढली तर फ्रँकफर्ट, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम हेच वर येतात, पण ते मोठे आहेत, विचित्र कुठे? दुसरं काय लावून बघू?

उत्तर १:
आधी डेटा साफ करा, एकच रूट प्रत्येक एअरलाइनच्या नावाने वेगळ्या ओळीत असतो, ते एकत्र केले नाहीत तर डिग्री उगाच फुगते. मग बिटवीननेस काढा, म्हणजे बाकीच्यांमधले किती शॉर्टेस्ट पाथ या नोडवरून जातात ते, आणि डिग्रीसमोर प्लॉट करा, दोन्ही अक्ष लॉगमध्ये. बहुतेक ठिपके एका पट्ट्यात पडतील, तुम्हाला हवेत ते पट्ट्याबाहेरचे. जगभरच्या विमानमार्गांवरचा गिमेरा, अमराल वगैरेंचा २००५ चा पेपर नक्की वाचा, त्यात अँकरेज असंच सापडलंय. थेट रूट कमी पण बिटवीननेस जगात अगदी वरचं! कारण अलास्कातल्या कितीतरी गावांना रस्ताच नाही, छोटी विमानं अँकरेजला येतात आणि बाहेर जायचं तर तिथूनच. पापुआ न्यू गिनीतलं पोर्ट मोर्सबी पण त्यातलंच.

प्रश्नकर्ता:
भारी! पण बिटवीननेसला लॅपटॉप रात्रभर बसेल का?

उत्तर १:
छे, साडेतीन हजारांच्या आसपास नोड आहेत, नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीमध्ये आरामात होईल, त्यात बिटवीननेस झटपट काढणारा ब्रँडेसचा २००१ चा अल्गोरिदमच आहे.

उत्तर २:
इगोनेट पण बघा. एक नोड, त्याचे शेजारी आणि त्यांच्या आपसातल्या एज, एवढाच तुकडा घ्यायचा. शेजारी वाढले की एज कशा वाढतात याची लॉग-लॉगमध्ये रेघ बसवा, घात १ ते २ च्या मध्ये येतो. रेघेच्या बराच खाली असलेला नोड म्हणजे स्टार, शेजारी एकमेकांना ओळखतच नाहीत, आणि बराच वर म्हणजे जवळपास क्लिक, सगळे शेजारी एकमेकांना जोडलेले. ऑडबॉल नावाची ही पद्धत २०१० ची आहे.

फक्त स्टार दिसला की लगेच गडबड समजू नका. बँकेच्या व्यवहारांत हीच पद्धत लावली तर साधा किराणावाला पण स्टार दिसतो, शंभर गिऱ्हाईकं आणि त्यांचा आपसात काही संबंध नाही. नोड वेगळा का पडला याचं कारण प्रत्येक वेळी शोधा आणि रिपोर्टमध्ये तेच सविस्तर लिहा, नुसती यादी नको.