नुसत्या संगणकावर केलेला प्रोटीनचा प्रोजेक्ट चालावा का?

वर्धारोडवाली: नागपुरात आमच्याकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टांचा सध्या एकच साचा. दोन प्रोटीनचे सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) अल्फाफोल्ड या रचना ओळखणाऱ्या एआय प्रोग्रामला द्यायचे, ती कुठे चिकटतात त्याचं रंगीत चित्र छापायचं, झालं. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही. प्रयोग नाही तर गुण नाहीत, असं माझं स्पष्ट मत.

बर्डीकर: काहून जी? २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं ना? शिवाय २००१ पासून ‘काप्री’ परीक्षा चालू आहे. दोन प्रोटीन कशी जुळतात याची प्रयोगातून सापडलेली रचना जाहीर व्हायच्या आत ती ओळखून दाखवायची. नुसतं चित्र म्हणू नका.

वर्धारोडवाली: अल्फाफोल्डवाल्या हसाबिस-जंपर यांचं नोबेल प्रोटीनची रचना ओळखण्याबद्दल, बेकर यांचं नवी प्रोटीन घडवण्याबद्दल. आता विदर्भातलाच सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत, ८५ व्या फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ व्या ल्युसिन या अमिनो आम्लांपाशी बसतं. असे रेणू जुळत लांब धागे होतात, पेशी वाकते. अल्फाफोल्डला साधा आणि सिकलचा असे दोन्ही सिक्वेन्स द्या, चित्र जवळपास तेच येईल!

मेडिकलचौक: येणारच. एका प्रोटीनमध्ये बदल झाला की जोडीदारातही झाला, अशा जागा ते उत्क्रांतीच्या नोंदींतून हेरतं. सिकलच्या धाग्यांना तसा इतिहासच नाही. अँटिबॉडीतही याच कारणाने अडतं. विद्यार्थ्यानं एवढं लिहिलं तर मी पैकीच्या पैकी देईन.

वर्धारोडवाली: लिहितं कोण? आणि चित्रात संपर्क दिसतो, चिकटण्याचा जोर कोणावर आहे ते दिसत नाही. क्लॅक्सन आणि वेल्स यांनी १९९५ मध्ये ग्रोथ हॉर्मोन ज्याला चिकटतं त्या रिसेप्टर प्रोटीनवर संपर्कातलं एकेक अमिनो आम्ल अ‍ॅलनिन या साध्या अमिनो आम्लाने बदलून पाहिलं. संपर्कात तीसेक, पण चिकटण्याचा बहुतेक जोर मोजक्यांवरच. हे प्रयोगानेच कळलं.

बर्डीकर: आमच्या कॉलेजात सेंट्रिफ्यूज बंद पडलंय. म्युटेशन (असे अमिनो आम्लांचे बदल) करायचे पैसे परीक्षक देतील का बाप्पा?

वर्धारोडवाली: मग छापून आलेल्या म्युटेशनच्या निकालांशी अंदाज ताडून बघा. त्याला इंटरनेट पुरतं. तेही करत नाहीत, राग त्याचा आहे.

बर्डीकर: मग ‘प्रयोग नाही तर गुण नाहीत’ कशाला? ‘पडताळणी नाही तर गुण नाहीत’ म्हणा, मीही सही करतो.

मेडिकलचौक: आणि सेंट्रिफ्यूजचा अर्ज?