७ गिटार, ११ पेडल, २ अँप आणि वाजवणं फक्त घरीच. ठेवू की काढू?

सहातारी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचून राहिलो इथे, आज पहिल्यांदा लिहितो आहे, लांब होईल, सांभाळून घ्या.

मी नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहतो, वय ४३, नोकरी आहे. स्टेजवर शेवटचं वाजवलं ते कॉलेजच्या गॅदरिंगला, त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून सगळं घरीच, रात्री जेवण झालं की साडेनऊ ते साडेदहा, तो एक तास मी सोडत नाही. पण सामान वाढत गेलं. एक स्ट्रॅट, एक टेली, एक लेस पॉल टाइपची, एक सेमी हॉलो, या चार इलेक्ट्रिक, दोन अकूस्टिक आणि एक नायलॉन तारांची क्लासिकल. पेडल, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायच्या डब्या, ११, त्यात ओव्हरड्राइव्हच (आवाज थोडा फाटका-जाड करणारी) ४. एक १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप आणि एक छोटा मॉडेलिंगवाला, म्हणजे बाकीच्या अँपची नक्कल करणारा. सगळं बोनसमधून नाही तं सेकंडहँड जमवलेलं, कर्ज नाही, घरात कोणाची कुरकुर नाही.

झालं असं की परवा जुनी अकूस्टिक काढली. सॉलिड टॉप आहे, म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची, २०११ साली घेतलेली, होळीपासून दिवाणामागे केसमध्येच उभी होती कारण मधल्या काळात मी पिकअपवालीच वाजवत होतो. केस उघडली तं ब्रिजच्या (तारा खाली अडकतात ती पट्टी) खालून थेट खालच्या कडेपर्यंत एक बारीक रेघ. वाटलं डोक्याचा केस चिकटला असेल, पुसलं, गेला नाही. मग अंगठ्याचं नख आडवं फिरवलं तं नख अडकलं. पोटात गोळाच आला. आई हिच्यावरच गाते, ती काळी चार पट्टीत गाते, कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) पहिल्या फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीला, लावून जी कॉर्डचे शेप धरले की तिच्या अभंगाला बरोबर बसतं, आणि बाकीच्या कोणत्याच गिटारीवर तिला ते आवडत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच फिरून राहिलं, की जे मी सांभाळूच शकत नाही ते घरात ठेवायचा मला काय अधिकार आहे, आणि तेही मी कुठे कार्यक्रम करत नसताना. दुसरं म्हणजे ४ ओव्हरड्राइव्ह असूनही घरी मला हवा तसा भरलेला आवाज येतच नाही, पातळ येतो, पाचवं घ्यायच्या विचारात होतो. आणि स्ट्रॅट या महिन्यात जास्तच घूंऽऽ करून राहिली, तेही कोणाला माहीत असेल तं सांगा.

जुनं_लाकूड

भाऊ, आधी त्या तड्याचं पाहू, बाकीचं नंतर. त्यात फेव्हिक्विक, लाकडाचा भुसा, काहीच भरू नको. सुकलेल्या लाकडात तडा उघडा असताना भरला नं, तं पावसाळ्यात लाकूड फुगते आणि त्याला जागाच उरत नाही, मग बाजूला दुसरा तडा जाते.

हे काऊन होते ते समजून घे. लाकूड रेषेच्या आडवं आकसते, लांबीत जवळपास नाही. टॉप आतून ब्रेसिंगला, म्हणजे आधाराच्या पट्ट्यांना, आणि चारही बाजूंनी कडांना चिकटवलेला, त्याला आकसायला मोकळीक नाही, मग रेषेवरून फाटते. लॅमिनेट टॉपमध्ये थर एकमेकांवर आडवे असतात म्हणून स्वस्तातली गिटार आपल्या उन्हाळ्यात टिकते आणि चांगली फाटते, हे मी कितीतरी घरी पाहिलं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली जाते आणि जुलै-ऑगस्टात तोच ८० च्या वर. गिटारला पाहिजे ४५ ते ५५. आता तूच पाहा तिनं किती सोसायचं.

फाटायच्या आधी ती सांगत असते बाप्पा, फक्त रोज हातात घेणाऱ्याला समजते. अॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, आपोआप खाली येते, तारा फ्रेटवर बझ करतात, कारण टॉप खाली बसला असते. आणि नेकच्या कडेवरून हात वरखाली फिरवला की फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, कारण फ्रेटबोर्ड आकसला आणि धातू जागच्या जागीच राहिला. इलेक्ट्रिकमध्येही हे होते, बॉडी फाटत नाही पण टोकं टोचतात. आज सातही गिटारींवरून हात फिरव आणि कोणती टोचते ते सांग.

उपाय साधा आहे. प्लास्टिकची साबणदाणी घे, झाकणाला भोकं पाड, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेव, पाणी टपकलं नाही पाहिजे, आणि ती केसमध्ये हेडस्टॉकजवळ, खुंट्यांच्या टोकाला. तारा थोड्या ढिल्या कर. केस बंद. दोन दिवसांनी स्पंज परत ओला. एक छोटा हायग्रोमीटर (ओलावा मोजायचा) आण, स्वस्तातले चुकीचं दाखवतात म्हणून आधी तपासून घे, झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब थेंब पाणी टाकून चिखल कर, मीटरसोबत झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद ठेव, आत ७५ टक्केच होते. मीटर ७० दाखवत असेल तं ५ मिळवून वाचायचं.

कूलरच्या खोलीत ठेवली तं चांगलंच, पण थेट झोतात नको, रात्रभर ओली हवा आणि दिवसभर कोरडी असंही करू नको. पंधरा दिवसांत तडा मिटेल. मिटला की मृग लागायच्या आधी कारागिराकडे ने, तो आतून लाकडाचे छोटे तुकडे आडवे चिकटवून देईल. गाडीच्या डिक्कीत ठेवून नेऊ नको, उन्हात गोंद सुटते आणि ब्रिज उचलला जाते.

हळूआवाज

लाकडाचं काकांनी सांगितलंच आहे, मी पेडलचं सांगतो कारण यात मी स्वतः तीन वर्षं घालवली आहेत. पाचवं ओव्हरड्राइव्ह घेऊ नको भाऊ. तुझा प्रॉब्लेम पेडलमध्ये नाहीच, व्हॉल्यूममध्ये आहे.

आपला कान सगळ्या आवाजाला सारखा नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की आवाज हळू केला की खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा खूप जास्त हरवतात, वरचेही थोडे. म्हणजे दुकानात अँप दणकून चालू असताना जे पेडल भरदार वाटलं तेच रात्री साडेनऊला फ्लॅटमध्ये पातळ वाटणार, पेडल तेच, सेटिंग तेच, कान तोच. मग आपल्याला वाटतं हे पेडल जमलं नाही, दुसरं आणतो, तेही घरी आणून पातळ. अशीच ४ होतात. त्यातही ट्यूब स्क्रीमर, ते प्रसिद्ध हिरवं ओव्हरड्राइव्ह, त्या घराण्यातलं जे काही असेल ते बास मुद्दाम कापतं, साधारण ७२० हर्ट्झच्या खालचं कमी करून डिस्टॉर्ट करतं, कारण ते बनवलंय आधीच जोरात चाललेल्या अँपला पुढून ढकलायला, बँडमध्ये बास गिटारच्या वाटेत न येता. घरी बास गिटारच नाही, अँपही जोरात नाही, मग ते नाकात बोलल्यासारखंच येणार. तुझ्या चारपैकी किती हिरव्या रंगाचे आहेत ते पाहा, मला वाटतं निदान दोन तरी त्याच सर्किटची भावंडं निघतील.

एक प्रयोग कर. चारही एकामागे एक लाव, पण प्रत्येकाचा लेव्हल असा ठेव की चालू-बंद केल्यावर आवाज मोठा किंवा लहान होणार नाही, कारण जे जोरात तेच कानाला चांगलं वाटतं. मग अँपचा बास रोजच्यापेक्षा थोडा वर, आणि घरच्या दुसऱ्या कोणालातरी पायाने बदलायला सांग, तू पाठ करून वाजव. दोन वेळा ओळखता आलं नाही तं ती दोन पेडल एकच समज. मी माझी पाच होती ती एकावर आणली, वाईट नाही वाटलं.

व्हॉल्व्ह अँप मात्र मी तं काढून टाकीन. १५ वॅटचा दीड वॅट केला तरी कानाला आवाज फक्त निम्माच झाल्यासारखा वाटतो, दहा पट पॉवर म्हणजे साधारण दुप्पट आवाज असा हिशोब आहे, म्हणजे १ वॅटवालाही फ्लॅटसाठी मोठाच. ठेवायचाच असेल तं अँप आणि स्पीकरच्या मध्ये पॉवर कमी करणारा अॅटेन्युएटर लाव. आणि काही झालं तरी स्पीकरची वायर काढून चालू करू नको, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. नाही तं इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा), हेडफोन आणि न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर, ते फुकट आहे, ४८ किलोहर्ट्झला १२८ चा बफर ठेवला की एका बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांपेक्षा कमी, जाऊन-येऊन थोडा जास्त, पण जाणवत नाही. गिटार मात्र इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लाव, लाइनला लावली की आवाज मेलेला येतो.

अजनी_क्वार्टर

दादा, तुमच्या पोस्टमधलं "मी कुठे कार्यक्रम करत नसताना" हे वाक्य मला लागलं, म्हणून लिहिते आहे.

माझे बाबा रेल्वेत होते, अजनीला क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही. ते मेंडोलिन वाजवायचे, नोकरीला लागल्यापासून रिटायर होईपर्यंत, आणि एकदाही स्टेजवर गेले नाहीत, नाइट ड्यूटी नसली की जेवणानंतर ओट्यावर बसायचे बस. उन्हाळ्यात लाइट गेली की आजूबाजूचे लोक आपापल्या खाटा बाहेर काढायचे, कोणी काही म्हणायचं नाही, ते वाजवत असायचे. पेटी असलेल्या घरात कोणी विचारतं का की तुमचे कार्यक्रम कुठे असतात? तुम्ही रोज एक तास वाजवता आणि तुमच्या आई त्यावर गातात. याच्यासाठी ठेवलेल्या गिटारीला अधिकार कसला विचारता?

पण एक गोष्ट आहे. बाबांचं मेंडोलिन एकच होतं आणि त्याला आठ तारा, दर दसऱ्याला त्या आठही बदलायचे. खंडेनवमीला तारा काढून, फ्रेटबोर्ड पुसून, प्रत्येक फ्रेट पितळेसारखा चमकवायचे, मग नव्या तारा, आणि दुसऱ्या दिवशी पूजेत ते पाटावर, झेंडूचं फूल वाहिलेलं. मी आज तीन गिटारींचं तेच करते, पूर्ण दिवस जातो, चौथी मला झेपणार नाही म्हणून चौथी घेतली नाही. तुमच्या सातही गिटारी दसऱ्याला पाटावर मांडायच्या तर तुम्हाला किती दिवस लागतील ते बघा, जेवढ्या मनापासून होतील तेवढ्या तुमच्या.

हळूआवाज यांचं अँपबद्दलचं मला पटत नाही. हेडफोन लावला की आई कशी गाणार सोबत? खोलीतला आवाज खोलीतच हवा. रात्री दहाच्या आत हळू वाजवलं तर शेजारचे समजून घेतात, आमच्याकडे तरी घेतात.

बर्डी_इलेक्ट्रिक

स्ट्रॅटच्या घूंऽऽ बद्दल. थोडा हम सिंगल कॉइलला, म्हणजे स्ट्रॅटच्या पिकअपला, असतोच, आपल्या लाइनचा ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला, गिटार धरून हळूहळू गोल फिर, एका दिशेला कमी होईल. पण उन्हाळ्यातच वाढला म्हणता तं बिल्डिंगचं अर्थिंग पाहून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती कोरडी ठणठणीत झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, आम्ही उन्हाळाभर त्यात आठवड्यातून बादलीभर पाणी टाकतो. तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तं नॉर्मल. पण तारेतून हाताला झिणझिण्या आल्या तं लगेच बंद करा आणि आधी वायरमन बोलवा, गिटार नंतर. आणि ११ पेडल एका अॅडॉप्टरच्या माळेवर असतील तं तेही कारण, डिजिटल डिले-रिव्हर्बच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या) पेडलला तरी वेगळा आयसोलेटेड सप्लाय द्या.

सहातारी

मंडळी, बारा दिवसांनी लिहितो आहे, सगळ्यांचं एकेक करून पाहिलं म्हणून उशीर झाला.

मीटर मिठावर तपासला, ७२ दाखवला, म्हणजे ३ मिळवायचे. दिवाणामागे १७ निघाला, मिळवून २०. कूलरच्या खोलीत दाराच्या मागे ४१. सगळ्या केस आता तिथेच हलवल्या. काका, हात फिरवला, टेली आणि सेमी हॉलो दोन्हींची टोकं टोचली, टेलीची तं इतकी की पहिल्या तारेच्या बाजूनं बोटाला ओरखडा आला, आणि मी ती शेवटची कधी वाजवली ते मला आठवलंच नाही. अकूस्टिकच्या केसमध्ये साबणदाणी ठेवली, रोज उघडून पाहायचा मोह आवरला, आज अकराव्या दिवशी काढली. रेघ दिसते अजून, पण नख आडवं नेलं तं अडकत नाही. उद्या कारागिराकडे नेतो, मागच्या सीटवर, एसी लावून, सकाळी आठच्या आत.

पेडलचा प्रयोग बायकोला पायाशी बसवून केला. चारपैकी तीन मला ओळखू आले नाहीत. तीन काढतो. अॅडॉप्टरही माळेचाच होता, बदलला, निम्मी घूंऽऽ गेली, आणि सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला वॉचमनला सांगितलं तं तो म्हणाला दोन वर्षांत कोणी टाकलंच नाही.

अँप ठेवतो आहे. ताई, तुमच्याशी मी सहमत आहे, आईला हेडफोन चालत नाही. बास थोडा वर, व्हॉल्यूम एकाच्या खाली, पुष्कळ भरलं.

दसऱ्याचा हिशोब केला. माझ्या चार गिटारी होतात, मनापासून. सेमी हॉलो आणि टेली विकतो, टोकं आधी फाइल करून देईन, तशीच देणार नाही. क्लासिकल विकायची नाही पण माझ्याच्यानं वाजवली जात नाही, कोणी शिकणारं असेल तं वापरायला देईन.

अजनी_क्वार्टर

क्लासिकलसाठी माझ्याकडे एक मुलगी आहे, नववीत, भाड्याच्या गिटारीवर शिकते आहे, हात लहान आहेत पण बसते रोज. मान थोडी रुंद पडेल तिला, तरी आणून बघू. कारागिराकडून परत आलात की सांगा, मी तिला घेऊन येते, आणि चालत असेल तर तुमच्या आईंचा अभंगही ऐकू, काळी चारमध्ये.

जुनं_लाकूड

भाऊ, कारागिराला सांग तुकडे चिकटवल्यावर एक दिवस क्लॅम्प काढू नको म्हणा. आणि पावसाळा लागला की साबणदाणी काढून टाकायची आठवण ठेव, तेव्हा सिलिका जेल.