गावात तपासणी करायची तर सगळ्यांना कळणार, बाहेर कुठे जाऊ? (देवगड-मालवण पट्टा)

आंबेवाला:
नमस्कार मंडळी, आयडी नवीन काढलाय, का ते कळेलच. मी देवगड तालुक्यातला, बाग घरचीच, वय तिशीच्या आत. मी गे आहे. घरी माहीत नाही आणि सध्या सांगायचं पण नाहीये, त्यांचं माझ्या लग्नाचं चाललंय, शिमग्याला देवळात गाऱ्हाणं पण घालून झालं. असो, तो आजचा विषय नाही.

विषय असा की तळहात आणि तळपायाला तांबूस डाग आलेत, खाज नाही की दुखणं नाही. मेडिकलवाल्याने हात बघितला न बघितला आणि फंगलची म्हणून एक ट्यूब दिली, तिच्यात स्टेरॉइड पण असतं हे मला नंतर पाकिटावर वाचून कळलं. फरक शून्य. मग डॉक्टरकडे गेलो, ते म्हणाले मोहोरावर फवारणी करता ना, औषधाची अ‍ॅलर्जी असणार, हातमोजे घाला. आता मी कसं सांगू की डॉक्टर अजून एक शक्यता आहे? त्यांच्या केबिनला दार नाही, पडदा आहे, आणि पडद्याच्या अलीकडे बाकड्यावर आमच्या वाडीतल्या दोन काकी. लॅबवाला बाबांच्या भजनात पखवाज वाजवतो. रिपोर्ट माझ्या आधी घरी पोचेल.

एक मित्र आहे, गोव्यात हॉटेलात कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी भेटतो. माझ्या बाजूने दुसरं कोणी नाही, त्याचं मी कधी विचारलं नाही. तर कुठे जाऊ, काय काय तपासू, आणि तिथे कोणाबरोबर वगैरे सांगावं लागतं का? उपदेश नको प्लीज.

सिस्टरबाई:
दादा, सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहिते. न बघता निदान करत नाही, पण तळहात-तळपायाला डाग आणि खाज नाही असं ऐकलं की पहिली व्हीडीआरएल करायची, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी. हा आजार लबाड आहे, डाग काही आठवड्यांनी आपले आपण जातात, माणसाला वाटतं ट्यूबने गेले, आणि जंतू आत तसाच राहतो, पुढे काही वर्षांनी मेंदू, डोळे, हृदय कुठेही निघतो. तेव्हा उद्या डाग गेले तरी तपासणी करायचीच.

निघालाच तर उपाय अगदी जुना आहे. सुरुवातीचा असेल तर बेन्झाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट, कमरेत, एकदाच. इंजेक्शन सणसणीत दुखतं, आणि त्या रात्री ताप भरतो कधीकधी, घाबरून पळत सुटू नको. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर टोचायच्या आधी सांग. नंतर काही महिन्यांनी परत रक्त देऊन आकडा उतरतोय का बघावं लागतं, लोक नेमकं तेच चुकवतात.

जायचं कुठे तर जिल्हा रुग्णालयात आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं, तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट, आणि गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक. समुपदेशक वेगळ्या खोलीत बसतो. ओरोसला ओळखीचं कोण भेटेल अशी भीती असेल तर रत्नागिरीला जा, घाट चढून कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर खाली गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. आपल्याच जिल्ह्यात तपासलं पाहिजे असं काही नाही. जवळचं केंद्र 1097 ला फोन करून विचारता येतं, फोन फुकट आहे. आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुझ्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल घरच्यांना परस्पर सांगता येत नाही. एचआयव्हीच्या रॅपिड टेस्टला तीन महिन्यांचा विंडो पिरिअड धरतात, म्हणजे लागण होऊनही टेस्टमध्ये न दिसण्याचा काळ, म्हणून आज निगेटिव्ह आली तरी परत करायला सांगतील.

सांगावं का, तर हो, नाव नको कोणाचं पण पुरुषाबरोबर संबंध आहेत हे सांग. चघळायला नाही विचारत आम्ही. गनोरिया, क्लॅमिडिया घशात किंवा गुदद्वारात असले तर बहुतेकदा काही त्रासच होत नाही, आणि नुसती लघवी तपासली तर ते सापडत नाहीत. हेपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर ती पण घे, तीन डोस असतात.

कोकणी_माणूस:
राग मानू नका पण यात तुमचं वेगळं ते काय? इथे साप चावला तरी डॉक्टर जागेवर सापडत नाही, अडलेली बाळंतीण घेऊन लोक गोव्याला धावतात. पडद्याचा डॉक्टर आम्हाला पण तोच आणि मूळव्याध पण आम्ही काकींच्या समोरच सांगतो. उगाच सगळ्यात वेगळं काढायचं.

चिपळूणची:
दादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. डॉक्टर नाहीत ते सगळ्यांनाच नाहीत. पण मूळव्याध काकींना कळली म्हणून तुम्हाला कोणी घराबाहेर काढत नाही ना? तेवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

माझंच सांगते. मी लेस्बियन, चाळिशीला आले. अंगावरून जात होतं, ओटीपोटात दुखायचं, म्हणून गायनॅककडे गेले (गाव सांगत नाही). पहिला प्रश्न, लग्न झालंय का? नाही म्हटलं की बाईंनी पेन खाली ठेवलं. पॅप स्मियरचं (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) मी स्वतः विचारलं तर म्हणाल्या ते लग्नानंतर बघू, आत्ता तुला गरज नाही. तो कॅन्सर करणारा एचपीव्ही व्हायरस बाईकडून बाईला पण जातो, पण हे त्यांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं आलं, आणि बाईंची जाऊ माझ्या मामेबहिणीच्या शाळेत शिक्षिका. शेवटी पुण्याला जाऊन केली. ज्यांना पुण्याला जाणं परवडत नाही त्या करतच नाहीत, मग कॅन्सर निघतो तोच उशिरा.

माझा एक मित्र ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. बायकांच्या ओपीडीत दाढीवाला माणूस बसलेला आणि कंपाउंडर जुन्या नावाने हाका मारतोय, अख्खी ओपीडी वळून बघतेय. उठून आला तो, परत गेला नाही. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू असताना हिमोग्लोबिन वाढत नाही ना हे अधूनमधून बघावं लागतं, ते पण राहिलं. ट्रान्स मुली तर मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून दुप्पट-तिप्पट खातात, कारण हार्मोन्स लिहून देणारा डॉक्टर जवळपास नाही, आणि त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गाठी व्हायचा धोका असतो, त्यात सिगारेट असेल तर बघायलाच नको.

आणि मनाचं तर सोडाच. रोज काय बोललं, कोण बघतंय, आवाज बायकी आला का, हे सांभाळत जगायचं म्हणजे डोक्याला चोवीस तास ड्युटी, त्यातून झोप जाते, दारू वाढते, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी घरचे आधी भगताकडे नेतात आणि मग 'बरं करून देणाऱ्या' डॉक्टरकडे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायचं 1990 साली ठरवलं, आपल्या सायकियाट्रिक सोसायटीने 2018 ला आजार नाही म्हणून सांगितलं, मद्रास हायकोर्टाच्या दट्ट्यानंतर नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 ला असली कन्व्हर्जन थेरपी म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आणि त्याच कमिशनने 2024 ला एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात लेस्बियन असणं परत लैंगिक गुन्ह्यांत घातलं होतं! ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. म्हणजे डॉक्टर असे का वागतात याचं उत्तर त्यांच्या पुस्तकात पण आहे.

कोकणी_माणूस:
लग्नाचं ते पटलं ताई. माझ्या बहिणीने लग्न केलं नाही, तिलापण सोनोग्राफीच्या वेळी असंच उडवून लावलेलं. ते मूळव्याधीचं मागे घेतो.

दर्यावर्दी:
वरती सिस्टरबाईंनी सगळं नीट सांगितलंय, माझी थोडी भर. कंडोम फाटला किंवा तसं काही झालं तर 72 तासांच्या आत पीईपी, म्हणजे एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायचं औषध, चालू करता येतं, 28 दिवसांच्या गोळ्या, जितकं लवकर तितकं बरं, तेव्हा लाजत बसून तीन दिवस घालवायचे नाहीत. एचआयव्ही निघालाच तर त्याचं औषध, एआरटी, सरकारीत फुकट आहे आणि गोळ्या रोज घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला की जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. हे आपल्याकडे अजून लोकांना माहीतच नाही, एचआयव्ही म्हटलं की तिरडीच बांधायला घेतात.

जोडीदाराचं पण कागदावर करून ठेवा. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये कोणीही सज्ञान माणूस मानसिक उपचारांपुरता आपला प्रतिनिधी नेमू शकतो, नात्यातलाच पाहिजे असं नाही, साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. बाकी आजारात शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची स्वतःची संमती लागते, काकाची सही आणा म्हणणं ही हॉस्पिटलची सवय आहे. ट्रान्स लोकांसाठी आयुष्मान भारतात टीजी प्लस नावाचा विमा आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत, पण त्याला ट्रान्सजेंडर ओळखपत्र लागतं आणि घर सोडून आलेल्याकडे नेमके कागदच नसतात. बोलायला कोणी हवं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416, आणि मुंबईत सांताक्रूझला हमसफर ट्रस्ट ही एलजीबीटी लोकांची संस्था आहे 1994 पासूनची.

आता गावात काय करता येईल याचं माझं मत. मोठी भाषणं नकोत, ते जून महिन्यातले इंद्रधनुष्याचे फोटो पण नकोत. आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात आपले सरपंच-सदस्य ओळखीचेच असतात, त्यांच्या मागे लागा की तपासणीच्या खोलीला दार बसवा आणि केसपेपर ओरडून वाचू नका. यात गे-लेस्बियन शब्द पण काढावा लागत नाही, कोकणी_माणूस साहेब पण सही करतील. आणि डॉक्टरांनी 'लग्न झालंय का' च्या जागी 'संबंध येतात का, कोणाबरोबर' एवढं खालच्या आवाजात विचारलं तरी निम्मं काम होईल.

कोकणी_माणूस:
करतो सही. ग्रामसभेत विषय मी घेतो, दाराचा.

आंबेवाला:
सगळ्यांचे आभार. काल मित्राला फोन केला, आधी भडकला, मग म्हणाला त्यालाही मागे एक जखम होऊन गेलेली, न दुखणारी, आपोआप बरी झाली म्हणून बोलला नाही. दोघं मिळून बांबोळीला जायचं ठरवलंय. घरी काय सांगू तेवढं सुचत नाही, काढणी चालू आहे, एक दिवस पण सुट्टी मिळणं कठीण.

सिस्टरबाई:
न दुखणारी जखम ही सिफिलिसची पहिली खूण असू शकते, म्हणजे तर दोघांनी जायलाच हवं, एकाने औषध घेऊन उपयोग नाही, परत दुसऱ्याकडून लागतं. तपासणी आणि उपचार होईपर्यंत संबंध बंद, आणि ती ट्यूब आजच फेकून दे. घरी सांग पेट्या पोचवायला पणजीला चाललोय. रविवारी जाऊ नको, ओपीडी बंद असते. या तपासण्यांना उपाशी पोट लागत नाही, पोटभर खाऊन निघा, केसपेपरच्या रांगेतच अर्धी सकाळ जाते.