लेखकांची टिपणे आणि संगणकीय साधने : नागपूरकरांचे अनुभव

धाग्याचे निवेदन

कथा, कादंबरी, चरित्र, स्थानिक इतिहास किंवा वृत्तपत्रातील सदर, यांपैकी काहीही लिहिणाऱ्याला संदर्भ गोळा करावे लागतात आणि त्यांची टिपणे सांभाळावी लागतात. आपल्या शहरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या सीताबर्डीच्या वाचनालयांत, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि घरच्या जाड वह्यांत होत आले. आता निम्मे वाचन पडद्यावर होते आणि टिपणेही तिकडेच जातात. परंतु कोणते साधन कशासाठी वापरावे, मराठी मजकूर त्यात नंतर सापडतो का, आणि साधन पुरवणाऱ्याने उद्या काम आवरते घेतले तर आपल्या टिपणांचे काय होते, यांविषयी लिहिणारी माणसे एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. पुढे वाचण्यासाठी लेख साठवून ठेवणारी ‘पॉकेट’ ही सेवा मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केली, तेव्हा हा प्रश्न अनेकांच्या दारात येऊन ठेपला. म्हणून हा धागा काढला आहे.

स्वतः जे वापरले आहे तेवढेच लिहावे, ही विनंती. साधनाचे नाव सांगितले तर ते आपण नेमके कसे वापरता हेही सांगावे, कारण नावांच्या याद्या कुठेही मिळतात, हाताला बसलेली पद्धत मात्र माणसाकडूनच शिकावी लागते.

धरमपेठ, कादंबरीलेखिका

माझ्या सध्याच्या कादंबरीची पार्श्वभूमी एम्प्रेस मिलच्या पहिल्या काही दशकांची आहे. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी सुरू झाली, एवढे सर्वांना ठाऊक असते. कादंबरीला मात्र त्या काळचे धान्याचे भाव, रस्ते, वस्त्या, रोगराई आणि पाण्याची सोय यांची माहिती लागते. ती मला मुख्यतः आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेल्या १९०८ च्या नागपूर जिल्हा गॅझेटिअरमधून मिळाली. त्याची स्कॅन केलेली प्रत इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येते आणि पुस्तकाच्या आत शब्दही शोधता येतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंड (१९१६) प्रकल्प गुटेनबर्गवर आहेत. ते वाचताना लिहिणारा वसाहतकालीन अधिकारी आहे हे ध्यानात ठेवावे लागते, म्हणून त्यांवरच्या प्रत्येक टिपणात ‘हे कोणाचे मत’ अशी एक स्वतंत्र ओळ मी लिहिते.

टिपणांसाठी मी झोटेरो वापरते. जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासकारांच्या केंद्राने २००६ मध्ये ते तयार केले. ते विनामूल्य आहे आणि सर्व माहिती आपल्याच संगणकावर ठेवते. ब्राउझरमध्ये त्याचे बटण बसवले की उघडलेल्या पानाचे शीर्षक, लेखक, दिनांक आणि दुवा आपोआप नोंदवले जातात. अर्थात मराठी संकेतस्थळांवर लेखकाचे नाव बहुधा चुकीच्या रकान्यात येते, म्हणून नोंद झाल्याबरोबर ती तपासून घेण्याची सवय मी लावून घेतली आहे.

माझे एक टिपण साधारण असे असते : पहिल्या ओळीत माझ्या शब्दांत एकच विधान, त्याखाली मूळ उतारा अवतरणचिन्हांत, मग छापील पृष्ठक्रमांक, आणि शेवटी हे कादंबरीच्या कोणत्या प्रकरणाला उपयोगी पडेल याची खूण. माझे शब्द आणि मूळ शब्द कधीही एका परिच्छेदात येऊ द्यायचे नाहीत, हा नियम मी कटाक्षाने पाळते, कारण वर्षभराने तोच मजकूर वाचताना कोणते वाक्य कोणाचे हे सांगणे अशक्य होते. पृष्ठक्रमांकाचीही काळजी घ्यावी लागते. पीडीएफचे चाळिसावे पान हे पुस्तकाचे चाळिसावे पान नसते, कारण मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेची पाने आधी मोजली जातात. झोटेरोच्या वाचनखिडकीत खुणेला दिलेला क्रमांक बदलता येतो, तो पहिल्याच खुणेच्या वेळी दुरुस्त करून घ्यावा. त्यांच्या मेघसाठ्यात, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, ३०० एमबीच जागा विनामूल्य मिळते आणि स्कॅन केलेले मोठे ग्रंथ त्यात मावत नाहीत. म्हणून ग्रंथांच्या प्रती मी बाहेरच्या डिस्कवर ठेवते आणि मेघसाठ्यातून केवळ नोंदी व टिपणे फिरू देते.

महाल, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक

ताईंचे बहुतेक संदर्भग्रंथ इंग्रजी आहेत, त्यामुळे त्यांना शोधसुविधेचा पुरेपूर लाभ होतो. माझे काम जुन्या मराठी वृत्तपत्रांवर आणि स्मरणिकांवर आहे, आणि तेथे टिपण लिहून ठेवण्यापेक्षा ते पुन्हा सापडणे अवघड जाते. याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या अडचणी मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला येतात आणि साधनांची माहिती देणाऱ्या लेखांत त्यांचा उल्लेखही नसतो.

पानाचे छायाचित्र गुगल ड्राइव्हवर चढवून ते गुगल डॉक्समध्ये उघडले की छायाचित्राखाली त्यातील मजकूर टंकित होऊन येतो. देवनागरी चांगली ओळखली जाते, पण झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते आणि दोन रकाने एकमेकांत मिसळतात. म्हणून एका वेळी एकाच रकान्याचे छायाचित्र घ्यावे आणि टंकित मजकुराशेजारी मूळ छायाचित्र कायम ठेवावे. विशेषनामे आणि आकडे डोळ्यांनी ताडून पाहिल्याशिवाय मी ते लेखात घेत नाही.

त्यानंतर शुद्धलेखनाचा प्रश्न येतो. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘येथें’ असे अनुस्वार असतात, त्यामुळे आजच्या लेखनाप्रमाणे शोधल्यास ती वाक्ये सापडत नाहीत. शिवाय शब्द विभक्तीत रूप बदलतो. ‘कापूस’ शोधले तर ‘कापसाचा’, ‘कापसाला’ सुटतात आणि ‘कापसा’ शोधले तर ‘कापूस’ सुटतो. ‘नागपूर’ शोधताना ‘नागपुरात’ हातचे जाते, म्हणून मी ‘नागप’ एवढेच टंकतो. यावर मला सापडलेला साधा उपाय असा की प्रत्येक टिपणाच्या तळाशी पाच-सहा कळीचे शब्द आजच्या लेखनाप्रमाणे आणि विभक्ती न लावता लिहायचे, उदाहरणार्थ : कापूस, बाजार, इतवारी, भाव, दुष्काळ. मूळ उतारा जसाच्या तसा राहतो आणि शोध या तळाच्या ओळीवर चालतो. ही ओळ लिहायला मिनिटही लागत नाही. माझ्या मते मराठी टिपणात याहून मोलाचे दुसरे काही नाही.

डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारही सांगून ठेवतो. ‘ॲ’ हे अक्षर एका संकेताने टंकता येते, तसेच ‘अ’वर चंद्र देऊन दोन संकेतांनीही टंकता येते. ‘दऱ्या’मधला अर्धा रफार काही कळफलक ‘ऱ’पासून बनवतात, तर काही ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसले तरी अनेक साधनांच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. फोनवर एक कळफलक आणि संगणकावर दुसरा, असे असेल तर आपलेच टिपण आपल्याला सापडत नाही. दोन्हीकडे एकाच पद्धतीने टंकावे, आणि ते जमत नसेल तर असे शब्द कळीच्या ओळीत दोन्ही प्रकारांनी लिहावेत. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरसंकेतांची समान पद्धत, येण्यापूर्वीच्या टंकांतील जुन्या फायली, उदाहरणार्थ श्रीलिपीत जुळवलेल्या स्मरणिका, आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. तोवर त्यांतील मजकूर यंत्राला केवळ निरर्थक इंग्रजी अक्षरे वाटतो.

नंदनवन, शिक्षक व सदरलेखक

मी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर संदेश पाठवतो. बसमध्ये, शिक्षक-कक्षात, भाजी घेताना सुचलेले तेथेच बोलून टंकतो, कारण फोनला मराठी बोललेले बऱ्यापैकी कळते. रविवारी सकाळी ते सर्व संदेश एका गुगल डॉक्स फायलीत विषयवार हलवतो आणि मूळ संदेश काढून टाकतो. साप्ताहिक सदरासाठी एवढे पुरते.

उमरेड मार्ग, वऱ्हाडी व झाडीबोलीच्या संग्राहक

मी गावोगावी जाऊन जात्यावरच्या ओव्या, म्हणी आणि शेतीतील शब्द गोळा करते. गावात नेटवर्क असेलच असे नाही, म्हणून इंटरनेटविना चालणारे साधन मला हवे होते आणि ते ऑब्सिडियनमध्ये मिळाले. यात प्रत्येक टिपण म्हणजे आपल्या संगणकातील साध्या मजकुराची एक फाइल असते, जी नोटपॅडमध्येही उघडते. उद्या ऑब्सिडियन नाहीसे झाले तरी माझा संग्रह माझ्या फोल्डरमध्ये तसाच राहील. दुहेरी चौकटी कंसात दुसऱ्या टिपणाचे नाव लिहिले की दोन्ही जोडली जातात. गाव, सांगणारी व्यक्ती आणि ओवी यांची वेगवेगळी टिपणे करून मी ती अशी जोडली आहेत. गावाचे टिपण उघडले की तेथून मिळालेले सर्व काही एकत्र दिसते.

ध्वनिमुद्रणाच्या फायलीचे नाव मी गाव, वर्ष, महिना आणि विषय या क्रमाने देते. टिपणात आणखी एक ओळ सक्तीची असते : सांगणाऱ्या बाईंनी नाव छापण्यास होकार दिला आहे किंवा नाही. नातवंडे संगणकाशी खेळतात त्या घरात ही माहिती उघडी राहू नये, म्हणून होकार नसलेल्यांची नावे मी संगणकावर ठेवतच नाही. ती कागदी वहीत आहेत आणि टिपणात फक्त वहीतला क्रमांक आहे.

शब्द ताडून पाहण्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळाचा मला फार आधार वाटतो. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही तेथे शोधता येतात. केतकरांचा ज्ञानकोशही आता जालावर आहे. त्याचे ज्ञानकोश मंडळ नागपूरचे होते, याचा मला अभिमान वाटतो. कोशातून घेतलेल्या नोंदीखाली कोणत्या कोशातून ती घेतली हे लिहावे, ‘नेटवरून’ असे लिहू नये. त्या शब्दाने कोणालाच काही कळत नाही.

इंदोरा, आंबेडकरी चळवळीचे अभ्यासक

माझा अनुभव अवतरणांसंबंधी आहे. ऑक्टोबर महिना जवळ आला की बाबासाहेबांच्या नावावर शेकडो वाक्ये फोनवर फिरू लागतात, आणि दीक्षाभूमीवर वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांतही त्यांपैकी काही शिरतात. राज्य शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड पीडीएफ स्वरूपात परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. ते उतरवून घेऊन मी प्रत्येक वाक्य त्यांत शोधतो. सापडले तर खंड आणि पृष्ठ लिहितो. न सापडले तर ‘आधार मिळाला नाही’ अशी नोंद करून वाक्य वेगळ्या यादीत ठेवतो, खोडून टाकत नाही, कारण ते मराठी नियतकालिकातील लेखातले असण्याची शक्यता असते आणि तो शोध पुढे चालू राहतो. लेखकाने आधाराविना अवतरण छापू नये, याबाबत मी आग्रही आहे. ज्या माणसाने प्रत्येक विधान पुराव्यानिशी केले, त्याच्या नावावर निराधार वाक्ये खपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

जालावरील लेखाचा आधार घ्यायचा असेल तर वेबॅक मशिनवर त्या पानाची प्रत जतन करावी आणि मूळ दुव्याबरोबर जतन केलेल्या प्रतीचा दुवा व दिनांकही टिपणात नोंदवावा. संकेतस्थळे बदलतात आणि जुने लेख निघून जातात. अलीकडे मी नोटबुकएलएम हे साधनही वापरतो. आपण दिलेल्या कागदपत्रांतूनच ते उत्तर देते आणि उत्तरातील प्रत्येक क्रमांकावरून मूळ उताऱ्यापर्यंत जाता येते. कोणत्या खंडात काय असावे याचा माग काढण्यासाठी ते उपयोगी आहे, परंतु त्याचे उत्तर हा आधार नव्हे. आधार खंडातील पानच असते.

सीताबर्डी, निवृत्त ग्रंथपाल

वरील सर्वांचे वाचून समाधान वाटले. एका बाबतीत मात्र सावध करावेसे वाटते. नवे साधन आले की जुनी टिपणे त्यात हलवण्यात, रंग आणि खुणा ठरवण्यात आठवडे जातात आणि लेखन तसेच पडून राहते, असे मी अनेक अभ्यासकांच्या बाबतीत पाहिले आहे. चालू ग्रंथ पूर्ण होईपर्यंत साधन बदलू नये.

ज्या दप्तरांत छायाचित्र घेण्यास मनाई असते, तेथे मी आजही एका बाजूने कोऱ्या कागदावर पेन्सिलीने टिपण काढतो, कारण तेथे शाईचे पेनही चालत नाही. कागदाला क्रमांक देतो आणि घरी आल्यावर गुगल शीट्समध्ये क्रमांक, दप्तर, विषय आणि एक ओळ एवढेच भरतो. संपूर्ण मजकूर टंकण्याची गरज पडत नाही, शीटमधला क्रमांक पाहून कागद काढला की झाले.

वर्धा मार्ग, नवोदित कथाकार

माझ्याकडे संगणक नाही, सर्व काम फोनवरच चालते. गुगल कीपमध्ये टिपणे आणि त्यांना ‘पात्रे’, ‘संवाद’, ‘जागा’ अशी लेबले, एवढीच माझी व्यवस्था आहे. पूर्वी मी वापरत असलेल्या एका सेवेने विनामूल्य वापराची मर्यादा अचानक कमी केली, त्यामुळे आता सर्व टिपणे एकाच ठिकाणी असण्याची धास्ती वाटते. फोनवरूनच त्यांची प्रत काढता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवेदकाचे उत्तर

ताई, काढता येईल. फोनच्या ब्राउझरमध्ये गुगल टेकआउट उघडून त्यात केवळ ‘कीप’ निवडावे. काही वेळाने ईमेलवर दुवा येतो आणि सर्व टिपणे झिप फायलीत उतरवून घेता येतात. प्रत्येक टिपणाची एक फाइल ब्राउझरमध्ये वाचता येईल अशी असते. तिची एक प्रत मेमरी कार्डावर आणि एक घरातील दुसऱ्या कोणाच्या फोनवर ठेवावी, आणि प्रत काढल्यावर त्यातील एखादे मराठी टिपण उघडून अक्षरे नीट दिसतात ना, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. ज्या टिपणांवरून कथा प्रत्यक्ष लिहायला घेतली असेल, ती कीपमधूनच गुगल डॉक्समध्ये पाठवता येतात. वापरलेली आणि न वापरलेली टिपणे त्यामुळे आपोआप वेगळी होतात.