निकल्सन आदर्श कसला?

दगडधोंडे: काल इथे एकाने लिहिलं, 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या सिनेमातला, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत असलेला ब्रिटिश कर्नल निकल्सन म्हणजे ताठ कण्याचा आदर्श, पोरांना दाखवा. वाचून डोकं फिरलं. अधिकारी अंगमेहनत करणार नाहीत, या युद्धकैद्यांबद्दलच्या जिनिव्हा कराराच्या एका कलमासाठी तो तापल्या पत्र्याच्या खोक्यात बसला, इथवर सलाम. पुढे? जपान्यांना त्यांच्या इंजिनिअरलाही जमला नसता असा पूल बांधून दिला. मुदत गाठायला तेच कलम गुंडाळून अधिकाऱ्यांनाही जुंपलं, दवाखान्यातून आजारी उठवले. वर 'आम्ही बांधला' म्हणून पाटी ठोकली! हा कणा की फितुरी?

निवांत: रिकामा कैदी खचतो हो. मी २२ वर्षं कारखान्यात काढली. टाळं लागणार हे कळल्यावरही शेवटच्या लॉटमध्ये एक नग रिजेक्ट जाऊ दिला नाही. मालक हलकट होता, माल माझ्या हातचा होता.

दगडधोंडे: तुमच्या मालावरून ब्रह्मदेशात दारूगोळा जात नव्हता. खऱ्या पुलावरच्या कैद्यांचा अधिकारी कर्नल टूझी काय करायचा? त्याची माणसं लाकडात वाळवी सोडायची, काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवायची. १९५७ साली पडद्यावर निकल्सन पाहून त्यांना काय वाटलं असेल?

शिळीभाकरी: दोघंही गोऱ्या साहेबांवरच भांडताय. हा पूल ज्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेचा, त्या ४१५ किलोमीटरच्या रेल्वेवर १२ हजारांवर युद्धकैदी मेले. मलायातले तमिळ मळेमजूर, ब्रह्मी, जावानीज मिळून किती? बरेच अंदाज ७५ हजारांच्या पुढे जातात. सिनेमात ते कुठे दिसतात?

चष्मिष्ट: आले! सिनेमा आहे ताई, जनगणना नाही.

शिळीभाकरी: जनगणना नकोच. मी थायलंडात, त्या पुलाच्या गावी कांचनाबुरीला जाऊन आलेय. युद्धकैद्यांच्या स्मशानभूमीत कापलेलं गवत, रांगेत दगड, प्रत्येकावर नाव. माझ्यासोबत एक तमिळ आजोबा होते, आजोळचं कुणीतरी इथे गेलं म्हणून आलेले. दीड तास दगड वाचत फिरले. त्यांना कोण सांगणार, की त्यांचा माणूस या यादीतच नाही?

चष्मिष्ट: वाईट वाटलं. पण त्याचं खापर दिग्दर्शक डेव्हिड लीनवर? ७ ऑस्कर काय उगाच मिळाले?

दगडधोंडे: ऑस्करचं नकोच काढू. पटकथा लिहिली फोरमन आणि विल्सनने, दोघेही कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणून बाहुली दिली मूळ कादंबरीकार बूलला, ज्याला धड इंग्रजी लिहिता येत नव्हतं. १९८४ साली चूक सुधारली, तोवर दोघेही वारले होते.

चष्मिष्ट: म्हणजे आता सिनेमा पाहायचाच नाही? तुमच्याकडून परवानगीचा अर्ज कुठे मिळतो?

शिळीभाकरी: पाहा की. मीही चारदा पाहिलाय. पाहताना ते आजोबा आठवतात, एवढंच.

निवांत: माझा मुद्दा कायम आहे. पण पाटीचं मान्य, तिथे त्याचं डोकं फिरलं होतं. मीही शेवटच्या पेटीच्या झाकणाआड खडूने नाव आणि तारीख लिहिली होती. सुपरवायझरने ओल्या फडक्याने पुसली आणि पेटी ट्रकवर चढवली.