मराठवाड्यातल्या दुष्काळाचे फोटो काढणाऱ्यानं इथं राहावं, की कॅमेरा घरी ठेवावा?

औसेकर: फोटोग्राफर सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. वर्तमानपत्रात नोकरी करता करता ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत वर्षानुवर्षं राहिले. मॅनहोलमध्ये उतरणारी माणसं लोकांना त्यांच्या फोटोंतून दिसली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, स्टेशनवर कॅमेऱ्यांची ही गर्दी! पाऊस पडल्यावर मला त्यातला एकही परत दिसला नाही. मराठवाड्यातल्या पोरांनी हे काम धरावं, पण इथंच राहून.

पाटोद्याची: माझे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. डोक्यावर मोळी घेतलेल्या आईचा फोटो एकानं काढला, पेपरात आला. खाली नाव नाही, ‘ऊसतोड महिला’ एवढंच. लुगडं फाटलेलं. पेपर गावात पोचला तशी ती आठ दिवस गिरणीवर दळणालासुद्धा गेली नाही. त्या फोटोनं टोळीच्या मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली आमची उचल फिटली का?

औसेकर: ताई, न विचारता काढला ते चूकच. पण २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला, तेव्हाच सरकारनं चौकशी समिती नेमली. झाकून ठेवलं असतं तर?

परभणीचे मास्तर: बोभाटा झाला तो बातम्यांनी, त्यासाठी कुणा बाईचा चेहरा लागत नव्हता. आणि नुसतं ‘राहणं’ पुरत नाही. अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथ जपानात मिनामाटाला घर करून राहिला होता. पाऱ्याच्या विषबाधेनं अपंग झालेल्या मुलीला आंघोळ घालणाऱ्या आईचा फोटो त्यानं १९७१ मध्ये काढला, आईच्या संमतीनं. जगभर गाजला. मुलगी गेल्यावर मात्र तो जागोजागी बघणं आईबापांना सोसेना. शेवटी स्मिथच्या पत्नीनं तो छापायला देणं बंद केलं.

सेलूचा फोटोवाला: पोटाचं कुणी बोलेना. मी लग्नाचे फोटो काढून जगतो. पेपरला बातमीचा फोटो दिला तर नाव छापतात, पैसे नाहीत. आत्महत्या झालेल्या एका घरी वर्षानं परत गेलो, तेही स्वतःच्या पेट्रोलवर. औसेकर, इथं राहून काम करायचं तर घर कशावर चालवायचं?

औसेकर: याला माझ्याकडं उत्तर नाही. तरी मी म्हणेन, काढावेत.

पाटोद्याची: काढा. पण दसऱ्यानंतर टोळीत याल तेव्हा आधी बाईला विचारा. आजवर सगळ्यांनी मुकादमालाच विचारलंय, आणि तो ‘काढा की’ म्हणतो, कारण पेपरात त्याची बायको येणार नसते.